हंगाम ऐन रंगात आणि आपला हिरो दुसऱ्या संघात: बेसबॉलच्या ट्रेडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोस्टनला राहायला आलो तेव्हापासून मी इथल्या बेसबॉल संघाचा, रेड सॉक्सचा, चाहता आहे. दर वर्षी जुलै उजाडला की तेच प्रश्न येतात. इथे नव्याने आलेली मराठी मुलं विचारतात, ऑफिसातले विचारतात आणि साताऱ्याहून फोनवर बाबा विचारतात, "अरे, तुमचा तो चांगला खेळणारा विकला म्हणे?" दर वेळी तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा सगळं एकदा लिहून काढलं. उदाहरणं बरीचशी बोस्टनची आहेत, कारण जीव तिथे गुंतलाय.

ट्रेड म्हणजे आयपीएलच्या लिलावासारखं काही असतं का?

नाही, इथे लिलाव नसतोच. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत १६२ सामने खेळतो. खेळाडूचा करार संघाच्या हातात असतो आणि संघ तो दुसऱ्या संघाला देऊ शकतो. बदल्यात दुसरे खेळाडू येतात, कधी वर थोडे पैसे. पगार, उरलेली वर्षं, अटी, सगळं जसंच्या तसं नव्या संघाकडे जातं.

आयपीएलमध्येही ट्रेड होतात, पण ते दोन मोसमांच्या मधल्या काळात आणि खेळाडूच्या संमतीने. हार्दिक पंड्या नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरातकडून मुंबईत आला तेव्हा मोसम सुरू व्हायला चार महिने होते. तरी वानखेडेवर त्याची किती हुर्यो उडाली ते सगळ्यांनी पाहिलं. आता कल्पना करा, हीच गोष्ट मोसमाच्या मधोमध, एका संध्याकाळी झाली आहे. रविवारी ज्याच्या होमरनवर (आपल्या षटकारासारखा फटका) तुम्ही नाचलात, तो पुढच्या शनिवारी तुमच्याच पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) फटके मारतोय. बोस्टनमध्ये २०२५ साली अगदी हेच झालं. त्याबद्दल पुढे.

ट्रेडची डेडलाइन, म्हणजे शेवटची मुदत, कधी असते?

जुलैच्या शेवटी. १९८६ पासून ३१ जुलै ही तारीख रूढ झाली, त्याआधी १५ जून होती. लीग आणि खेळाडू यांच्यातल्या २०२२ च्या करारानुसार लीगचे प्रमुख, म्हणजे कमिशनर, २८ जुलै ते ३ ऑगस्ट यांमधली कुठलीही तारीख ठरवू शकतात. २०२४ मध्ये ३० जुलै होती, २०२५ मध्ये ३१ जुलै. वेळ न्यूयॉर्कच्या संध्याकाळी सहाची, म्हणजे पुण्यात पहाटे साडेतीन.

तोवर साधारण दोन तृतीयांश हंगाम संपलेला असतो. आपण पोस्टसीझनला (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांना) जाणार की नाही, हे बहुतेक संघांना कळून चुकलेलं असतं. जे जाणार ते आजच्यासाठी खेळाडू घेतात, ज्यांचं वर्ष गेलं ते उद्यासाठी आजचे खेळाडू देतात. मधले संघ चाचपडत राहतात, आणि चाहत्यांची सगळ्यात कडाक्याची भांडणं या मधल्या संघांवरूनच होतात.

खेळाडूला विचारत नाहीत?

बहुतेकांना नाही. एजंटचा किंवा मॅनेजरचा फोन येतो आणि ७२ तासांच्या आत नव्या संघात हजर व्हायचं असतं. बायकोमुलं, भाड्याचं घर, मुलांची शाळा, सगळं मागून येतं.

करारात ट्रेड नाकारण्याचं कलम घालून घेतलं असेल तर खेळाडू नाही म्हणू शकतो. शिवाय ज्याची मेजर लीगमध्ये दहा वर्षं झाली आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात गेली, त्याला हा हक्क आपोआप मिळतो. या नियमामागे कर्ट फ्लड आहे. सेंट लुइस कार्डिनल्सकडे बारा हंगाम खेळलेल्या या सेंटर फील्डरला १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाला पाठवलं गेलं. तो गेला नाही. माझ्या इच्छेचा विचार न करता विकता येईल अशी मी मालमत्ता नाही, असं त्याने कमिशनरना कळवलं आणि खटला सुप्रीम कोर्टापर्यंत नेला. १९७२ मध्ये तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. त्याची कारकीर्द तिथेच संपल्यात जमा झाली, पण वाट मोकळी झाली होती. पुढच्याच वर्षी दहा-पाचचा नियम आला आणि १९७५ च्या डिसेंबरमध्ये लवादाच्या निकालाने फ्री एजन्सीचं, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करण्याचं, दार उघडलं. आज खेळाडूंना जे कोट्यवधी डॉलर मिळतात, त्यातला प्रत्येक डॉलर फ्लडचं देणं लागतो असं मला मनापासून वाटतं.

विचारत नाहीत म्हणजे काय, हे ज्यांना बघायचंय त्यांनी २९ जुलै २०१५ चा न्यूयॉर्क मेट्सचा सामना शोधून काढावा. विल्मर फ्लोरेस हा व्हेनेझुएलाचा मुलगा सोळाव्या वर्षापासून मेट्सकडे होता. सामना चालू असतानाच त्याच्या ट्रेडची बातमी फोनाफोनांवर पसरली. तो बॅटिंगला आला तर प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवताहेत, आणि त्याला कळेना की का. मग कळलं. पुढच्या डावात शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी) उभा राहून तो शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता, आणि त्याच अवस्थेत त्याच्याकडे येणारे चेंडू त्याला अडवायचे होते. तो ट्रेड शेवटी फिसकटला, कारण समोरच्या खेळाडूच्या वैद्यकीय तपासणीत अडचण निघाली. दोन दिवसांनी, ३१ जुलैला, फ्लोरेसने बाराव्या इनिंगमध्ये होमरन मारून सामना जिंकून दिला. होम प्लेटकडे धावत येताना त्याने छातीवरचं "मेट्स" मुठीत धरलं होतं. त्या वर्षी मेट्स वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम मालिकेपर्यंत, गेले.

तरुण खेळाडू किती वर्षं संघाच्या ताब्यात असतो?

सहा वर्षं. एका हंगामातले १७२ दिवस मेजर लीगच्या रोस्टरवर (संघाच्या यादीत) काढले की एक वर्ष धरतात. पहिली तीन वर्षं पगार किमान पातळीच्या आसपास असतो. २०२५ मध्ये ही किमान रक्कम ७ लाख ६० हजार डॉलर होती. पुढची तीन वर्षं पगार लवादाच्या पद्धतीने वाढत जातो. सहा पूर्ण झाली की खेळाडू फ्री एजंट, हवं तिथे जायला मोकळा.

हा आकडा पक्का लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गणितं यावरच उभी आहेत. ताऱ्याची किती वर्षं उरली आहेत, यावर त्याचा भाव ठरतो. अडीच वर्षं उरलेला तारा आणि दोन महिने उरलेला तारा मैदानात सारखाच खेळेल, पण बाजारात त्यांची तुलना होत नाही.

सगळं छान चाललेलं असताना कोणी आपला सगळ्यात चांगला खेळाडू का देईल?

कारण तो दोन-तीन वर्षांत फुकट जाईल ही भीती. हुआन सोटोचं उदाहरण घ्या. वॉशिंग्टन नॅशनल्सने २०१९ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा तो जेमतेम २१ वर्षांचा झाला होता. २०२२ मध्ये संघाने त्याला १५ वर्षांसाठी ४४ कोटी डॉलर देऊ केले. त्याने नाही म्हटलं. ऐकणाऱ्यांनी डोक्याला हात लावला, पण पुढे २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्याने मेट्सबरोबर १५ वर्षांसाठीच ७६ कोटी ५० लाखांचा करार केला. त्याचा हिशेब बरोबर होता.

नॅशनल्सने २ ऑगस्ट २०२२ ला त्याला सॅन दिएगोला दिलं. अजून अडीच हंगाम हातात होते, म्हणून भावही तसाच आला: सी. जे. एब्रम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वुड आणि आणखी काही जण. पुढे हे तिघेही ऑल-स्टार झाले (वर्षातल्या निवडक ताऱ्यांच्या सामन्यासाठी निवडले गेले), म्हणजे परतावा खरोखरच मोठा मिळाला. तरी २०२५ मध्ये नॅशनल्स ९६ सामने हरले. ट्रेड उत्तम आणि संघ तरीही तळाला, असंही होतं. बी चांगलं मिळालं म्हणजे पीक आलं असं नव्हे. मधली मशागत असते, आणि ती वॉशिंग्टनला साधलेली नाही.

मग तारा न देता ठेवला तर?

तेव्हाही हात पोळतात. २०२३ चा जुलै आठवतो. शोहेई ओहतानी लॉस एंजेलिस एंजल्सकडे होता आणि हंगामाअखेर फ्री एजंट होणार होता. द्यायचा की ठेवायचा, यावर महिनाभर सगळीकडे काथ्याकूट चालला होता. एंजल्सने ठरवलं की ठेवायचा, आणि उलट आपलेच प्रॉस्पेक्ट (होतकरू तरुण खेळाडू) देऊन शिकागोहून दोन पिचर आणले. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, डेट्रॉइटमध्ये दोन सामने होते. पहिल्यात ओहतानीने पूर्ण सामना पिचिंग केलं आणि एकच हिट (यशस्वी फटका) दिली. दुसऱ्यात दोन होमरन मारले. एकाच दिवशी! ते पाहून ठेवला ते बरं केलं असं न वाटणारा माणूस विरळाच.

ऑगस्टमध्ये संघ कोसळला. ओहतानीच्या कोपराला दुखापत झाली, आणलेले पिचर महिनाअखेर सोडून द्यावे लागले, ७३ विजय आणि ८९ पराभवांवर हंगाम संपला. डिसेंबरमध्ये ओहतानी शेजारच्याच लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला: दहा वर्षं, ७० कोटी डॉलर, त्यातले ६८ कोटी नंतर द्यायचे. एंजल्सना भरपाई म्हणून एक ड्राफ्ट पिक (नव्या खेळाडूंमधून एक निवडण्याचा हक्क) मिळाला.

मी तरी एंजल्सना दोष देणार नाही. असा खेळाडू शंभर वर्षांत एखादा होतो. त्याच्यासाठी एकदा जिंकायचा प्रयत्न करणं हे चाहत्यांचं ऋण होतं आणि त्यांनी ते मानलं. चूक त्याआधीच्या पाच वर्षांत झाली, जेव्हा त्याच्याभोवती संघच उभा केला नाही.

लाडका खेळाडू देऊन संघाचं भलं झालं, असं कधी घडलंय का?

बोस्टनमध्येच घडलंय. नोमार गार्सियापारा, नंबर ५. १९९७ चा सर्वोत्तम नवा खेळाडू, १९९९ आणि २००० मध्ये लागोपाठ बॅटिंगचं विजेतेपद. या शहरातल्या अर्ध्या लहान मुलांच्या पाठीवर त्याचं नाव असायचं. प्रत्येक चेंडूआधी ग्लोव्हजचे पट्टे ओढायचे, बुटांची टोकं आपटायची, ही त्याची सवय गल्लीतली पोरं जशीच्या तशी करायची.

२००४ पर्यंत तो दुखापतीने त्रासलेला आणि संघावर रुसलेला होता. आदल्या हिवाळ्यात त्याच्या जागी दुसऱ्याला आणायचे प्रयत्न झाले होते, ते त्याच्या मनातून गेले नव्हते. ३१ जुलै २००४ ला जनरल मॅनेजर थिओ एपस्टाइनने चार संघांच्या ट्रेडमध्ये त्याला शिकागो कब्जला दिलं. बदल्यात आले ऑर्लंडो कॅब्रेरा आणि डग मिंटकेविच. दोघेही क्षेत्ररक्षणात पक्के, पण नावाने नोमारच्या जवळपासही नाहीत. शहर हळहळलं.

त्याच दिवशी आणखी एक छोटा ट्रेड झाला, ज्याकडे कोणाचं फारसं लक्ष नव्हतं. डॉजर्सकडून डेव्ह रॉबर्ट्स आला. पायात वेग, बाकी फारसं काही नाही. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क यांकीजविरुद्धच्या सात सामन्यांच्या मालिकेत बोस्टन ०-३ ने मागे होतं. चौथ्या सामन्यात, नवव्या इनिंगमध्ये एका धावेने पिछाडी, समोर यांकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा. बोस्टनचा केव्हिन मिलार चार चुकीच्या चेंडूंमुळे (वॉक) पहिल्या बेसवर गेला आणि त्याच्या जागी रॉबर्ट्स धावायला आला. तो बेस चोरणार, म्हणजे फटक्याची वाट न बघता पुढचा बेस गाठणार, हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रिव्हेराने पहिल्या बेसकडे तीनदा चेंडू फेकून त्याला मागे दाबलं. मग फलंदाजाला पहिला चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स सुटला. हात दुसऱ्या बेसवर टेकला तेव्हा यांकीजचा ग्लोव्ह केसभर मागे होता. बिल म्युलरच्या फटक्यावर तो घरी आला, सामना बरोबरीत. बोस्टनने तो सामना जिंकला, पुढचे तीनही जिंकले, मग वर्ल्ड सिरीज. बेब रूथ या दिग्गजाला न्यूयॉर्कला विकल्याचा शाप म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जे सांगितलं जायचं, ते १९१८ पासूनचं ८६ वर्षांचं कोरडेपण त्या महिन्यात संपलं.

नोमारलाही विजयाची अंगठी दिली गेली. तो रिवाज मला फार मोलाचा वाटतो.

मग बेट्सबद्दल बोस्टनकर अजून का चिडतात?

कारण तिथे खेळाचं कारण नव्हतं.

मूकी बेट्स आमच्याच मायनर लीगमधून वर आलेला. २०१८ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्याच वर्षी संघाने १०८ सामने जिंकून वर्ल्ड सिरीजही जिंकली. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याला डॉजर्सना दिलं. सोबत पिचर डेव्हिड प्राइस आणि त्याचा अर्धा पगार. बेट्सचं एकच वर्ष उरलं होतं, मागे आले अलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग.

बेसबॉलमध्ये संघाच्या एकूण पगारावर कडक मर्यादा नाही. एका ठरावीक रकमेच्या वर गेलात तर वरच्या पैशांवर दंड म्हणून कर भरायचा, आणि लागोपाठ वर्षं वर राहिलात तर कराचा दर चढत जातो. बोस्टन दोन वर्षं वर होतं आणि मालकांना २०२० मध्ये २० कोटी ८० लाखांच्या खाली यायचं होतं. बेट्सला आपल्याकडे राहायचंच नव्हतं, तो बाजार बघणार होता, असा बचाव तेव्हा केला गेला. पण जुलै २०२० मध्ये, डॉजर्ससाठी एकही अधिकृत सामना खेळण्याआधी, त्याने त्यांच्याशी १२ वर्षांचा, ३६ कोटी ५० लाखांचा करार केला. म्हणजे पटेल असा आकडा समोर आला तर बाजारात न जाता सही करायला तो तयार होता. डॉजर्सनी त्याच्यासोबत २०२०, २०२४ आणि २०२५ अशा तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. डाउन्स तीन वर्षांच्या आत सुटला, व्हर्डुगो २०२३ अखेर यांकीजकडे गेला. उरला वाँग.

एखाद्या छोट्या शहराच्या संघाने हे केलं असतं तर मी मान खाली घालून समजून घेतलं असतं. पण आमचं मैदान, फेनवे पार्क, भरलेलं असतं, तिकिटं देशातल्या महागड्यांपैकी, आणि मालकांच्या समूहाकडे लिव्हरपूलसारखा फुटबॉल क्लब आहे. तारा सोडण्याला माझी हरकत नाही. नोमारच्या वेळी सोडला तो संघ मजबूत करायला. बेट्सला सोडलं ते ताळेबंद मजबूत करायला. पैसा असताना पैशाचं कारण सांगून ताऱ्याला घालवणं, हे मला आजही पटत नाही आणि पटवून घ्यायची इच्छाही नाही.

डेव्हर्सचं काय? तोही बेट्ससारखाच प्रकार ना?

पूर्णपणे नाही, आणि म्हणूनच त्यावर घराघरांत वाद आहे.

बेट्सचा धडा घेऊन बोस्टनने जानेवारी २०२३ मध्ये राफाएल डेव्हर्सला १० वर्षांचा, ३१ कोटी ३५ लाखांचा करार दिला. २०२५ च्या सुरुवातीला अलेक्स ब्रेगमनला आणलं आणि डेव्हर्सची तिसऱ्या बेसवरची जागा त्याला दिली. डेव्हर्स नाराज झाला, तरी नुसती बॅटिंग करायला तयार झाला. मे महिन्यात पहिल्या बेसवरच्या ट्रिस्टन कॅसासचा गुडघा गेला, तेव्हा संघ म्हणाला, आता तिथे उभा राहा. तो म्हणाला, मला एकदा ग्लोव्ह ठेवून दे म्हणालात, आता पुन्हा उचल म्हणता? मालक स्वतः विमानाने त्याला भेटायला गेले.

१५ जून २०२५, रविवार. बोस्टनने फेनवेवर यांकीजविरुद्धचे तिन्ही सामने जिंकले. शेवटच्या सामन्यात डेव्हर्सने होमरनही मारला. संघ सिअ‍ॅटलला निघायच्या वेळी बातमी आली: डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्कोला. जायंट्सनी त्याच्या कराराचे उरलेले २५ कोटींहून जास्त डॉलर उचलले आणि चार खेळाडू दिले, त्यात बोस्टनच्या त्या हंगामाला हात देईल असा कोणीच नव्हता. सहा दिवसांनी त्याच डेव्हर्सने बोस्टनच्याच पिचरला होमरन मारला. जुलैत तो जायंट्ससाठी पहिल्या बेसवर उभाही राहिला.

निकाल? बोस्टन ८९ सामने जिंकून पोस्टसीझनला गेलं, जायंट्स ८१-८१ वर अडकले. त्यामुळे ट्रेड बरोबर ठरला असं माझे काही मित्र छातीठोकपणे सांगतात. मला तसं वाटत नाही. बोस्टन जिंकलं ते बाकीच्यांच्या जोरावर, आणि यांकीजविरुद्धच्या वाइल्ड कार्ड मालिकेत, म्हणजे पोस्टसीझनच्या पहिल्याच फेरीत, हरलं. मोकळे झालेले पैसे कुठे लागले, हा खरा प्रश्न आहे. ज्या ब्रेगमनसाठी हे सगळं सुरू झालं, तो एका हंगामानंतर कब्जकडे गेला. डेव्हर्सचंही चुकलं, हे मी मान्य करतो. पण २८ वर्षांच्या मुलाशी नीट बोलून मार्ग काढणं हे मोठ्यांचं काम होतं.

"रेंटल" म्हणजे काय? दोन महिन्यांसाठी प्रॉस्पेक्ट देणं शहाणपणाचं आहे का?

ज्याचा करार त्याच वर्षी संपतोय तो रेंटल, म्हणजे भाड्याने आणलेला. शहाणपण आहे की नाही, हे त्या संघाची तहान किती जुनी आहे यावर ठरतं.

सी. सी. सबाथियाला क्लीव्हलँडने जुलै २००८ मध्ये मिलवॉकीला दिलं. त्याने तिथे ११ सामने जिंकले, २ हरले, सात सामने एकट्याने पूर्ण टाकले. शेवटी शेवटी तर तीनच दिवसांच्या विश्रांतीवर येत होता, आणि समोर फ्री एजन्सीचा कोट्यवधींचा करार असताना स्वतःचा हात पणाला लावत होता. मिलवॉकी १९८२ नंतर पहिल्यांदा पोस्टसीझनला गेलं. पहिल्याच फेरीत हरलं, सबाथिया न्यूयॉर्कला गेला. तरी मिलवॉकीच्या कुठल्याही चाहत्याला विचारा, तो उन्हाळा परत द्याल का? कोणी देणार नाही.

कब्जनी २०१६ मध्ये अरोल्डिस चॅपमनसाठी ग्लेबर टोरेससारखा मोहरा दिला आणि १०८ वर्षांनी जिंकले. तो व्यवहार हिशेबाने बसतो. पण चॅपमन त्याच वर्षी घरगुती हिंसाचाराच्या धोरणाखाली ३० सामन्यांची बंदी भोगून आला होता, आणि त्याच्यासाठी टाळ्या वाजवणं अनेकांना जड गेलं. त्यांचं मन मला कळतं.

उलट बाजूची उदाहरणं अंगावर येतात. डेट्रॉइटने १९८७ मध्ये डॉइल अलेक्झांडरसाठी अटलांटाला जॉन स्मोल्ट्झ दिला. अलेक्झांडरने नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, डेट्रॉइटने डिव्हिजन (आपला गट) जिंकली. स्मोल्ट्झ पुढे हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गजांच्या मानाच्या यादीत) गेला. आणि बोस्टनने १९९० मध्ये लॅरी अँडरसनच्या २२ इनिंगसाठी जेफ बॅगवेल ह्यूस्टनला दिला. बॅगवेलही हॉल ऑफ फेममध्ये आहे. ते नाव आमच्याकडे अजून हळू आवाजात घेतात.

बातमीत "खेळाडू, ज्याचं नाव नंतर कळेल" असं का लिहितात?

मुख्य व्यवहार आधी होतो, एक खेळाडू सहा महिन्यांत ठरवायचा असतो. क्षुल्लक समजू नका. सबाथियाच्या बदल्यात असा नंतर ठरलेला खेळाडू म्हणजे मायकल ब्रँटली. तो पाच वेळा ऑल-स्टार झाला.

ट्रेड न करता तारा नुसताच निघून गेला तर संघाला काही मिळतं का?

संघाने त्याला एका वर्षाचा ठरावीक रकमेचा प्रस्ताव दिला असेल, तो नाकारून खेळाडूने दुसरीकडे सही केली, तर एक ड्राफ्ट पिक मिळतो. ही रक्कम सगळ्यात जास्त पगाराच्या १२५ खेळाडूंच्या सरासरीवरून ठरते. हंगामाच्या मध्येच ट्रेड होऊन आलेल्याला मात्र असा प्रस्ताव देता येत नाही, म्हणून रेंटल घेणाऱ्याच्या हाती नंतर काहीच राहत नाही.

अशा निरोपांमध्ये सगळ्यात चटका लावणारा फ्रेडी फ्रीमनचा. अटलांटाने २०२१ ची वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि मार्च २०२२ मध्ये त्याच्याशी करार न जमल्याने मॅट ओल्सनला आणून मोकळे झाले. फ्रीमन डॉजर्सकडे गेला. जूनमध्ये तो अंगठी घ्यायला अटलांटाला आला तेव्हा पत्रकारांसमोर त्याला बोलता येईना, रडूच आवरेना. ओल्सनने २०२३ मध्ये ५४ होमरन मारले, म्हणजे अटलांटाचं नुकसान झालं असं म्हणवत नाही. फ्रीमनने २०२४ च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना ग्रँड स्लॅमने (तिन्ही बेसवर धावणारे असताना मारलेल्या होमरनने) संपवला. दोन्हीकडे चांगलं झालं, आणि तरी त्या दिवशीचं त्याचं रडणं आठवलं की गलबलतं.

पैसाच नसलेल्या संघाच्या चाहत्यांनी काय करायचं?

ओकलंडच्या लोकांनी जे केलं ते. मार्च २०२२ मध्ये त्यांचे ओल्सन आणि चॅपमन (हा मॅट चॅपमन, वरचा नव्हे) काही दिवसांच्या अंतराने दिले गेले. संघ त्या वर्षी १०२ सामने हरला, पुढच्या वर्षी ११२. मग लोक येत नाहीत म्हणून संघ हलवतो, असं मालक म्हणू लागले. जून २०२३ मध्ये एका मंगळवारी २७ हजारांहून जास्त चाहते मुद्दाम मैदानात आले आणि "संघ विका" म्हणून ओरडले. संघ गेलाच. २६ सप्टेंबर २०२४ च्या शेवटच्या सामन्याला ४६ हजारांहून जास्त लोक होते. ताऱ्यांना सोडत राहिलं की शेवटी चाहतेही सुटतात, आणि दोष मात्र चाहत्यांच्या माथी मारला जातो.

ट्रेड चांगला की वाईट, हे कधी ठरवायचं?

त्याच रात्री रागवा, तो हक्क आहे. हिशेब मात्र तीन-चार वर्षांनी करा. कब्जनी २०२१ च्या जुलैत दोन दिवसांत रिझो, बाएझ आणि ब्रायंट असे २०१६ चे तिन्ही हिरो दिले तेव्हा शिकागोत सुतक होतं. बाएझच्या बदल्यात आलेला पीट क्रो-आर्मस्ट्राँग २०२५ मध्ये ऑल-स्टार झाला.

ट्रेड झालेला खेळाडू जुन्या संघाविरुद्धच्या अर्धवट राहिलेल्या सामन्यात खेळू शकतो?

हो. डॅनी जॅन्सन जून २०२४ मध्ये टोरांटोकडून फेनवेवर बॅटिंग करत असताना पावसाने सामना थांबला. जुलैत तो बोस्टनला आला. २६ ऑगस्टला तोच सामना तिथूनच सुरू झाला तेव्हा तो बोस्टनचा कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) म्हणून प्लेटमागे बसला होता. एकाच सामन्यात दोन्ही संघांकडून खेळलेला मेजर लीगमधला तो पहिला खेळाडू.

माझ्या मुलाकडे डेव्हर्सचा ११ नंबरचा शर्ट आहे. तो आता घालावा का?

हा प्रश्न माझ्या घरातलाच. डेव्हर्सची बातमी आली त्या संध्याकाळी आमचा नऊ वर्षांचा मुलगा तोच शर्ट घालून जेवायला बसला होता. बातमी ऐकून तो काही बोलला नाही. उठला, शर्ट काढला, नीट घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि बनियनवर परत येऊन वरणभात जेवला. रात्री त्याच्या आईला विचारलं, "आई, त्याने कोणाला बाय तरी केलं का गं?"

ऑगस्ट २०२३ मध्ये बेट्स डॉजर्सच्या शर्टात पहिल्यांदा फेनवेवर आला तेव्हा मी ह्याच मुलाला घेऊन गेलो होतो. बेट्स बॅटिंगला आला आणि सगळं मैदान उभं राहिलं. माझ्या पुढच्या रांगेतल्या आजोबांनी बेट्सचा जुना ५० नंबरचा लाल-पांढरा शर्ट घातला होता, पाठीवरची अक्षरं धुऊन धुऊन उकललेली. ते शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होते. तर शर्ट खुशाल घालू द्या. आमच्याकडचा अजून कपाटात आहे; डेव्हर्स फेनवेवर येईल त्या दिवशी घालायचा, असं मुलानेच ठरवलंय, आणि तोवर अंगाला होईल ना, याची त्याला काळजी आहे.